बाळाचं दुपटं आणि न मांडलेला हिशोब

आजची पोस्ट जरा लांबलीय. सवडीनं वाचा. विषय घरगुती वाटेल, पण शेवटी तो सरकारी खरेदीपर्यंत आणि मजुरीच्या दरापर्यंत जाऊन पोचतो.

आपल्या मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला आयुष्यात मिळालेली पहिली भेट कोणती? वाळे, कडदोरा, पाळणा हे सगळं बारशाला येतं. त्याच्या आधी, जन्मल्या जन्मल्या, त्याला कशात तरी गुंडाळलेलं असतं. ते म्हणजे दुपटं. आजीनं, मावशीनं नाहीतर शेजारच्या काकूंनी जुन्या लुगड्याचे तुकडे एकमेकांवर घालून हातानं शिवलेली छोटीशी गोधडी. माझ्या वयाच्या बहुतेकांची सुरुवात त्यातच झाली. तुमचीही झाली असेल.

या भेटीची पावती नसते. करणारीचं नाव त्यावर नसतं. मूल चालायला लागलं की ते दुपटं दुसऱ्या बाळाकडे जातं, तिथून तिसऱ्याकडे, आणि शेवटी पोतेरं होऊन संपतं. म्हणून आपल्या इतिहासात कापूस आला, गिरण्या आल्या, संप आले, कापूस एकाधिकार खरेदी आली, पण दुपटं काही आलं नाही. त्याचा इतिहास थोडा जुळवून बघू या.

आधी नावं. दुपटं म्हणजे दोन पट. चौघडी म्हणजे चार घड्या. म्हणजे कापडाचे किती थर लावलेत ते नावातच सांगितलंय. मोठ्या माणसाची झाली की ती गोधडी. सातारा-कोल्हापूरकडे तिलाच वाकळ म्हणतात. कर्नाटकच्या सीमेवर गेलात की कौदी. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द आहेत, म्हणजे वस्तू त्याच्याही कितीतरी आधीची. संस्कृतात ठिगळं जोडून केलेल्या वस्त्राला कंथा म्हणायचे. बंगाली बायका आजही जी 'कांथा' करतात, ती याच शब्दाची लेक.

जुन्या काळात चिंधी टाकून द्यायची वस्तू नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. सूत हातानं काढायचं, कापड हातमागावर विणायचं. एक लुगडं म्हणजे कितीतरी दिवसांचं काम. असं कापड अंगावर विरलं म्हणून कोण फेकून देईल? ते आधी नेसायचं, मग त्याचं पांघरूण व्हायचं, मग बाळुतं, मग पोतेरं, आणि शेवटी दिव्याची वात. प्रत्येक पायरीवर त्याची काहीतरी किंमत होतीच.

फाटक्या कापडाला आपल्याकडे मानही होता. बौद्ध भिक्खूंचं चीवर तुकडे जोडून शिवायची रीत आहे. मगधातली बांध घातलेली शेतं पाहून बुद्धांनी आनंदाला तसा नमुना करायला सांगितला, असं विनयपिटकात येतं. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे गाडगेबाबा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला हा माणूस जन्मभर चिंध्या पांघरून फिरला. काही भागांत त्यांना गोधडेबुवाच म्हणायचे. अंगावर ठिगळं, आणि उभ्या केल्या धर्मशाळा, शाळा, दवाखान्यात आलेल्यांच्या नातेवाइकांसाठी निवारे. उघड्याला वस्त्र द्या, हे त्यांच्या दशसूत्रीतलं एक सूत्र.

आणि अगदी घरचं उदाहरण सांगायचं तर आपली अंबाजोगाई. दासोपंतांची पासोडी इथं आहे. पासोडी म्हणजे पांघरायचं जाड सुती कापड. दासोपंत १५५१ ते १६१५ या काळातले. त्यांनी अशा एका कापडावर 'पंचीकरण' लिहून काढलं. साधारण ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. चारशे वर्षं होऊन गेली, अजून ती जपलेली आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण कौतुकानं दाखवतो, आणि दाखवलीच पाहिजे.

पण एक गोष्ट मनात येते. त्याच चारशे वर्षांत याच गावातल्या बायकांनी किती दुपटी शिवली असतील? त्यातलं एकही राहिलं नाही. वापरायची वस्तू वापरून संपली, त्यात नवल काही नाही. पासोडी राहिली कारण तिच्यावर लिहिलेलं होतं, आणि लिहिणाऱ्याचं नाव माहीत होतं. हे ध्यानात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

आता दुपटं होतं कसं ते बघू. ज्यांनी आईला किंवा आजीला शिवताना पाहिलंय त्यांना माहीत आहे, पण नव्या पोरांसाठी सांगतो.

नऊवारी लुगडं म्हणजे ९ वार, साधारण सव्वाआठ मीटर. पन्हा मीटरभराहून थोडा जास्त. नेसून नेसून बसायच्या जागी ते विरतं, पदर आणि काठ मात्र बऱ्यापैकी धड राहतात. आधी ते गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं. मग मीटर मीटरचे तुकडे. धड तुकडे वर आणि खाली, विरलेले आत. चार थरांचं दुपटं केलं तर एका लुगड्यात दोन दुपटी बसतात. काठ वाया जात नाहीत, ते चारी बाजूंनी पट्टी म्हणून लागतात. मग जमिनीवर पसरून, सुरकुत्या काढून, आधी मोठे कच्चे टाके. त्यानंतर खरा धावदोरा. कडेनं सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन घेत मधे यायचं. असं केलं म्हणजे आतलं कापड गोळा होत नाही.

टाके किती पडतात? हिशोब करू. मीटरभर लांब-रुंद दुपटं, दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर. म्हणजे ५० मीटर शिवण. एका सेंटिमीटरला एक टाका धरला तर ५,००० टाके. मिनिटाला १५ टाके पडले तरी नुसती सुई चालवायला साडेपाच तास. धुणं, उसवणं, कापणं, जोडणं, कच्चे टाके, काठ दुमडणं हे वेगळं. एकूण आठ-नऊ तास सहज. म्हणजे एक पूर्ण रोज.

हा रोज कुणाच्या वहीत लिहिला गेला? कुणाच्याच नाही. कारण तो सलग नसायचा. दुपारची भांडी झाली, दळण आलं, आता संध्याकाळच्या चुलीला तासभर आहे, तेवढ्यात दहा ओळी. उन्हाळ्यात शेतात काम नाही, तेव्हा ओसरीवर चौघीजणी चार कडांना बसल्या की मोठी गोधडी दोन दिवसांत उरकायची. कामाला काम आणि बोलायला बोलणं. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, बायका बसल्यात.

भेट म्हणून त्याचे नियमही ठरलेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पहिलं दुपटं माहेरचं. बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची, लंगोट आणि दोन-चार दुपटी. आत्याचं एक, मावशीचं एक, शेजारणीचं एक. ज्या घरात आजी सुखासमाधानानं म्हातारी होऊन गेली, तिच्या लुगड्याचं दुपटं मुद्दाम मागून न्यायचे. बारशापर्यंत बाळाला कोरं कापड नको, जुनंच घाला, असं म्हातारी माणसं सांगायची. कारण वेगळं सांगितलं जायचं, पण त्यातला व्यवहार स्पष्ट आहे. कोऱ्या कापडाला खळ असते, ते टोचतं. पन्नास वेळा धुतलेलं सुती कापड बाळाच्या कातडीला मऊ लागतं.

आणखी एक बाजू आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सासरी आलेल्या बाईच्या हातात पैसा नसायचा. शेत तिच्या नावावर नाही, धान्याच्या कणगीची किल्ली सासूकडे. बहिणीला, मैत्रिणीला, भावजयीला काही द्यायचं झालं तर ती कुठून देणार? तिच्या हक्काच्या दोनच गोष्टी होत्या, अंगावरून उतरलेलं जुनं लुगडं आणि दुपारचा तासभर. त्या दोन्ही मिळून दुपटं होतं. ज्या बाईला चार आणे द्यायलाही कुणाला विचारावं लागायचं, ती दुपटं मात्र कुणाला न विचारता देऊ शकायची. दुपट्याला घराघरांत इतका जीव लावला जातो, त्याचं मूळ मला इथं दिसतं.

आता बदल कसा झाला ते.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणी काढायचं ठरवलं आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. मग सोलापूर झालं, नागपूर झालं. आपल्याकडे निजामाच्या राज्यात औरंगाबादची गिरणी आली, नांदेडची उस्मानशाही आली. गिरणीच्या कापडानं हातमाग मोडला हे आपण शाळेत शिकलो. पण गोधडीला मात्र गिरणीनं बळच दिलं. स्वस्त सुती लुगडी, धोतरं, मांजरपाट घराघरांत आलं, म्हणजे जुनं सुती कापडही वाढलं. गरिबाच्या घरातही दोनच्या जागी चार थर लागू लागले.

मधे दुसऱ्या महायुद्धात कापडाची भयंकर टंचाई झाली. १९४३ साली सरकारला कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. काळाबाजार बोकाळला. त्या काळातल्या म्हाताऱ्यांनी चिंधीसुद्धा बोचक्यात बांधून ठेवायची सवय जन्मभर सोडली नाही, ती उगीच नाही.

पुढं जुन्या कापडाला एक नवं गिऱ्हाईक भेटलं. बोहारीण. शहरांत दारोदार फिरून जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई. यात गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या बायका मोठ्या संख्येनं होत्या. पितळेच्या जागी स्टील आलं तसं स्टीलच्या डब्याची हौस वाढली. चार साड्यांवर एक डबा! घासाघीस करायची, पण डबा घ्यायचाच. बोहारणीनं नेलेले कपडे बाजारात दुरुस्त होऊन पुन्हा विकले जात, गरिबाच्या अंगावर जात. तिचा धंदा कष्टाचा आणि उपयोगाचा, त्यात वाईट काहीच नाही. पण घरातल्या जुन्या साडीचा पाय मात्र घराबाहेर पडला. तिची किंमत आता भांड्यात मोजली जाऊ लागली, आणि दुपटं त्या हिशोबात मागं पडलं.

मग आलं १९८२ साल. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. पुढचं तुम्हाला माहीत आहे, कित्येक गिरण्या पुन्हा नीट उभ्याच राहिल्या नाहीत. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. सिंथेटिक कापड त्याच्या आधीच आलेलं होतं. पण सुती गिरणीचा अस्त आणि पॉलिएस्टरचा उदय एकाच राज्यात एकाच वर्षी दिसावा, हे लक्षात राहण्यासारखं आहे.

गावातल्या बाईला पॉलिएस्टरची साडी आवडली, आणि ती का आवडू नये? धुवायला सोपी, लगेच वाळते, इस्त्री नको, रंग जात नाही, वर्षानुवर्षं फाटत नाही. शेतात राबून आल्यावर नऊवारी सुती लुगडं आपटून धुवायचं म्हणजे काय असतं ते धुणारीलाच विचारा. तिच्या पाठीचा भार कमी झाला, हे खरंच आहे. पण ती साडी दुपट्याला चालत नाही. सुईखाली सरकते, थर एकमेकांवर बसत नाहीत, घाम शोषत नाही. बाळाला त्यात गुंडाळलं की उन्हाळ्यात पुरळ येतं. घरातल्या सगळ्या साड्या सिंथेटिक झाल्या, तशी दुपट्याची खाणच आटली. आजही जुन्या गोधड्यांमधे जी सुती लुगडी सापडतात, ती पणजीची. नंतरच्या पिढीचं त्यात घालायला काही नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, काळ बदलला, ब्लँकेट आलं, एवढं काय त्यात? म्हणून आता गडचिरोलीला जाऊ या.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीत नवजात बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. १९९३ ते ९५ या काळात तिथं दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. मग ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं गेलं. बाळाचं वजन कसं करायचं, श्वास मोजायचा कसा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, दूध कसं पाजायचं, आणि बाळाला उबेत कसं ठेवायचं. त्यांच्या साहित्यात बाळाचं पांघरूण आणि गरम पिशवीसुद्धा होती. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, मृत्यूचं प्रमाण २५.५ वर आलं. १९९९ साली हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभरात आशाताई घरी येऊन नवजात बाळ तपासतात, त्या पद्धतीचं मूळ या कामात आहे.

हे सगळं एका पांघरुणानं झालं असं कुणी म्हणू नये. औषधं होती, प्रशिक्षण होतं, रोजची देखरेख होती. पण नवजात बाळ, त्यातून कमी वजनाचं, फार पटकन गार पडतं आणि ते जिवावर बेततं, हे वैद्यकशास्त्र सांगतं. म्हणजे आजीनं बाळंतपणाच्या आधी चार दुपटी शिवून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवली, तेव्हा ती आरोग्याचंच काम करत होती. त्या कामाला आपण माया म्हटलं आणि पुढं गेलो.

(मधेच एक सूचना. दुपटं गुंडाळायला असतं, तोंडावर ओढायला नसतं. झोपलेल्या बाळाच्या नाकातोंडाजवळ जाड पांघरूण ठेवू नका. आणि जुनं कापड वापरायचं तर ते स्वच्छ धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं हवं. आशाताईंना विचारा, त्या नीट सांगतील.)

आता आपल्या जिल्ह्याकडे या. दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. वर भांडी, पीठ, बाजेचं लाकूड आणि गोधड्यांचं गाठोडं. ऊसतोडीचा हंगाम म्हणजे ऐन थंडी. फडाच्या कडेला कोपी, खाली ओल, पहाटे चारला कोयता. त्या कोपीत तान्ही बाळंही असतात. आई फडात, बाळ गोधडीत, राखायला सात-आठ वर्षांची बहीण. गाठोड्यात किती सुती दुपटी आहेत आणि किती निसटत्या सिंथेटिक साड्या आहेत, हा प्रश्न तिथं सौंदर्याचा राहत नाही. आणि या बाईला दुपारी तासभर बसून शिवायला वेळ कुठून मिळणार?

राज्य सरकारनं २०१९ च्या प्रजासत्ताकदिनी बेबी केअर किटची योजना सुरू केली. पहिल्या बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात आलेल्या आईला साधारण २,००० रुपये किमतीचा संच. त्यात बाळाचे कपडे, अंथरूण, पांघरूण, मच्छरदाणी, थर्मामीटर वगैरे वस्तू. कल्पना चांगली आहे. बाळंतविडा सरकारनं द्यावा, यात मला तरी काही वावगं दिसत नाही. बाळाचा जन्म ही गावाचीही गोष्ट आहे.

पण अशा संचातल्या वस्तू एकगठ्ठा खरेदी होतात. मग माझा साधा प्रश्न आहे. त्यातलं निदान दुपटं तरी आपल्या तालुक्यातल्या बायकांनी शिवलेलं का असू नये? महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे. 'उमेद' २०११ पासून आहे. गावोगाव बचत गट आहेत. त्यांना पापड, लोणची, मसाले एवढंच करायला लावून आपण थकलो नाही का? सुती कापड ठरलेल्या प्रतीचं द्या, माप ठरवून द्या, स्वच्छतेची तपासणी करा आणि रास्त दर द्या. हात आपल्याकडे आहेत.

दराचं बोलायचं तर वर केलेला हिशोब आठवा. एका दुपट्याला एक रोज. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर २९७ रुपये होता. ही रोजगार हमी आपल्याच राज्याची देणगी. १९७२ च्या दुष्काळात कामं सुरू झाली आणि १९७७ साली कायदा झाला. खडी फोडणाऱ्या बाईचा घाम कायद्यानं मोजायला आपण देशाला शिकवलं. त्याच मापानं दुपट्याची नुसती मजुरीच ३०० च्या घरात जाते. मोठी गोधडी दोन मीटर बाय दीड मीटर धरली तर १५,००० टाके, थर जाड म्हणून सुई सावकाश, म्हणजे तीन-चार रोज. मजुरी हजाराच्या आसपास. आता पुण्यात किंवा संभाजीनगरात फुटपाथवर 'गोधडी शिवून मिळेल' अशी पाटी लावून बसलेल्या बाईशी आपण किती रुपयांसाठी घासाघीस करतो ते आठवून बघा. 'घरच्याच तर चिंध्या आहेत, शिवायचे एवढे?' हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलंय?

हे वाक्य येतं कुठून? आई-आजीनं ते काम कायम फुकट केलं, म्हणून ते फुकटचंच काम असं डोक्यात बसलं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. जवळजवळ पाच तास. भेट देणारीनं मायेपोटी किंमत घेतली नाही, तो तिचा मोठेपणा. पण तिची नात तेच काम पोटासाठी करायला बसली, तर तिलाही किंमत न देणं हा आपला कोतेपणा.

दुसऱ्या प्रांतांनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे, कारण जुन्या कापडाची भेट फक्त आपल्याकडे नाही.

बिहारमध्ये मुजफ्फरपूरकडे बाळासाठी जुन्या साड्यांची 'सुजनी' शिवायची रीत होती. आज सुजनीला भौगोलिक मानांकन आहे, आणि बायका तिच्यावर स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग टाक्यांनी काढतात. बंगालच्या नक्षी कांथालाही मानांकन मिळालंय. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातली एक कांथा आहे. मानदासुंदरी नावाच्या बाईनं ती आपल्या वडिलांना भेट म्हणून केली आणि तसं कापडावरच दोऱ्यानं लिहून ठेवलं. म्हणून दीडेकशे वर्षांनंतर तिचं नाव आपल्याला माहीत आहे. अंबाजोगाईच्या पासोडीचं जे झालं, तेच इथं. लिहिलेलं राहिलं.

उत्तर कन्नडमध्ये हल्याळ, यल्लापूरच्या रानात सिद्दी समाजाच्या बायका 'कवंडी' शिवतात. त्यांच्या पूर्वजांपैकी कित्येकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. तिथून निसटून ते घाटावरच्या जंगलात आले. कवंडीही कडेकडून मधे शिवत आणतात, अगदी आपल्या गोधडीसारखी. शेवटी चारी कोपऱ्यांना छोटे त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना 'फुला' म्हणतात. फुला लावल्या नाहीत तर कवंडी उघडी राहिली असं मानतात. अंगावर धड कपडा नसलेल्या माणसांनी पांघरुणाला उघडं ठेवायचं नाही असं ठरवलं. आज त्या कवंड्या परदेशातल्या प्रदर्शनांत लागतात, त्यांच्यावर पुस्तकं निघाली आहेत.

आपल्या गोधडीचं नशीब अजून अर्धवट आहे. शहरात, ऑनलाइन दुकानांत बाळासाठी 'हँडमेड क्विल्ट' म्हणून ती महाग विकली जाते. गावात मात्र तीच गोधडी गरिबीची खूण म्हणून पाहुणे आले की आतल्या खोलीत टाकली जाते. लग्नात ब्लँकेटचा बॉक्स दिला की शोभतो, हातची गोधडी दिली की 'जुनं दिलं' अशी कुजबुज होते. ही लाज आपण सोडायला हवी.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी.

एक, घरात सुती कापड उरलं असेल, पणजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, कॉटनच्या साड्या, जुने सदरे, तर ते देऊन टाकण्याआधी त्यातलं एक दुपटं करा. पुतणीला, मैत्रिणीच्या बाळाला, शेजारच्या सुनेला द्या. पुरुषांनीही सुई धरायला हरकत नाही, हात झिजत नाहीत. आणि कोपऱ्यात दोऱ्यानं करणारीचं नाव, गाव आणि साल घाला. दहा मिनिटांचं काम आहे. पन्नास वर्षांनी कुणालातरी कळेल की हे कुणी केलं होतं.

दोन, विकत घ्यायचं असेल तर घासाघीस करू नका. तासांचा हिशोब करा, मग दर सांगा.

तीन, ग्रामसभेत आणि तालुक्याच्या बैठकीत हा विषय काढा. सरकारी बाळंतविड्यातलं दुपटं आपल्या बचत गटाकडून घ्या, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर आणि बाळंत बायकांना ते ट्रॉली निघण्याआधी मिळू द्या. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, म्हणजे शिवणकाम उन्हाळ्यातच व्हायला हवं, जसं आपल्या आज्या करायच्या. पुढची ग्रामसभा चुकवू नका, एवढंच म्हणणं आहे.

तुमच्या गावात याला काय म्हणतात? दुपटं, चौघडी, लेपडं, की आणखी काही? तुमच्याकडे शिवणारी कुणी म्हातारी असेल तर तिला विचारून टाके कसे घालतात तेही लिहा, कमेंटमध्ये. आणि तिची हरकत नसेल तर तिचं नावही लिहा.